जान्याचा पत्ता

"सुकराम, हे गप्प झालेले प्रोग्राम अजून यादीत कसे?" पुण्याहून हेमांगीने विचारलं. ती त्याच्या टीमची प्रमुख. आवाज चढलेला नव्हता, पण वैताग लपत नव्हता.

सुकराम तळोद्याजवळच्या वसाहतीत, घराच्या ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. एका मोठ्या वितरण कंपनीचं सॉफ्टवेअर बांधायचं काम चाललं होतं. त्यात ढीगभर छोटे प्रोग्राम: बिलाचा वेगळा, गोदामाचा वेगळा, ट्रकांचा वेगळा. ते सारखे एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलायचे. एकमेकांना सापडावेत म्हणून प्रत्येकाने रजिस्ट्रीत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक यादीत, आपला पत्ता द्यायचा आणि थोड्या थोड्या वेळाने 'मी आहे' असं कळवायचं. ही रजिस्ट्री कशी असावी, ते सुकराम ठरवत होता.

"गप्प झाले म्हणजे गेलेच कशावरून? येतील परत."

"अरे, बिलवाला त्या बंद गोदामाला हाका मारत बसतो आणि सगळं खोळंबतं. जो नाही त्याच्यापायी जे आहेत त्यांना कशाला अडकवतोस?" मग ती जरा नरमली. "आणि तुझं काय ठरलं? पुढच्या महिन्यापासून ऑफिसात बसणाराच आर्किटेक्ट हवाय त्यांना. या वेळी नाही म्हणालास, तर ही जागा दुसऱ्याला जाईल."

सुकरामने आत पाहिलं. आई, दगूबाई, चुलीपाशी भाकरी थापत होती. घरात पावरी बोलायची, पण मराठी तिला सगळं कळायचं.

त्यांचं मूळ गाव जांभळीपाडा, सातपुड्यात नर्मदेच्या काठी. धरणाचं पाणी चढलं तशी माणसं घरं मोडून खाली सपाटीवर आली. थोरला भाऊ जान्या त्याआधीच गुजरातेत मजुरीला गेला होता. त्याला माहीत होतं ते जुनं गाव, आणि त्या गावावर आता पाणी होतं. वर डोंगरात म्हातारा खात्या तेवढा मागे राहिला होता. कुणी विचारत आलंच, तर नवा पत्ता सांगायला तोच.

ज्या पावसाळ्यात सुकरामला पुण्याच्या पहिल्या नोकरीचं पत्र आलं, त्याच पावसाळ्यात दगूबाईने जान्याचा धोशा लावला. जान्या येईल, घराला कुलूप दिसलं तर माघारी फिरेल. सुकरामने नोकरीवर पाणी सोडलं. तळोद्यात संगणकाचे वर्ग घेतले, पुढे घरबसल्या काम मिळालं तेव्हा कुठे बस्तान बसलं. दर अवसेला आई डोंगरात जायची, विड्यांचं बंडल आणि मोहाच्या दारूची बाटली घेऊन. "खात्याला," म्हणायची. परत यायची तेव्हा डोळे सुजलेले असायचे. "नाही आला," एवढंच बोलायची. सुकराम मनातल्या मनात जान्यावर चिडायचा आणि मग त्याची त्यालाच लाज वाटायची.

जेवताना त्याने विषय काढला. "आय, पुण्याला चल माझ्याबरोबर."

"आणि जान्या आला तर?"

"खात्याबाबा सांगतील ना."

"खात्या म्हातारा झाला. तो गेल्यावर कोण सांगेल?" तिचा हात परातीत थांबला. "तुला जायचं तर जा. मी इथेच."

असं 'जा' त्याने पूर्वीही ऐकलं होतं.

हेमांगीचं बोलणं मात्र डोक्यातून जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने रजिस्ट्रीचा नियम बदलला. गप्प झालेल्याचं नाव काढायचं. तो पुन्हा उठलाच, तर आपण होऊन नाव घालील. फक्त कुठे विचारायचं ते त्याला सापडलं पाहिजे. एवढं लिहून तो थबकला. जान्यासाठीही तेवढंच पुरे होतं की! जुन्या वाटेवर पत्ता लिहिला, की आईलाही पुण्याला यायला अडचण उरणार नव्हती.

त्याने तळोद्याच्या बाजारातून पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेतला. आईला शहाद्याला जातो म्हणून सांगितलं आणि डोंगरात जाणाऱ्या जीपमध्ये बसला.

"आज एकलाच का भो? माय नई वनी?" आई न आल्याचं नवल करत जीपवाल्या रमजानने अहिराणीत विचारलं. मग त्याची नजर डब्यावर गेली. "रंग कसाले?"

"भाऊले पत्ता लिखाना शे, रमजानभाई. मायले सांगू नका."

रमजानने एकदा त्याच्याकडे, एकदा डब्याकडे पाहिलं. त्याने गिअर टाकला.

जुन्या गावाची पायवाट जिथे पाण्यात उतरत होती, तिथे वरच्या अंगाला हत्तीएवढी शिळा होती. जान्या आला तर याच वाटेने येणार. सुकरामने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'जान्या, आय आणि मी पुण्याला आहोत. फोन कर. सुकराम.' खाली नंबर टाकला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्याला हलकं वाटलं.

मागून खोकत खोकत खात्या आला. "काय लिहितोस रे?"

"जान्याला पत्ता, बाबा. तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा?" सुकरामने खिशातून बंडल काढलं. "आणि या तुमच्या विड्या. आय आणते त्याच."

"विडी? या छातीला?" खात्याने बंडल घेतलं नाही. ओल्या अक्षरांकडे त्याने एकदा पाहिलं. मग सुकरामचं मनगट धरून त्याला शिळेच्या पलीकडे घेऊन गेला.

तिथे शिळेला टेकून गुडघ्याएवढा दगड उभा केलेला होता. त्यावर शेंदूर होता. पायाशी पावसाने फुगलेली विड्यांची बंडलं आणि रिकाम्या बाटल्या. बाटल्यांच्या तोंडांत आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या.

सुकरामने एका चिंधीला हात लावला. "कधी?"

"तुला पुण्याचं पत्र आलं, त्या पावसात. बरोबरचा मजूर निरोप घेऊन आला, तो जुन्या गावालाच." खात्या खोकला आणि दगडाकडेच बघत म्हणाला, "तुझ्या आयने शपथ घातली मला. म्हणाली, जान्या गेला हे कळलं, तर सुकराम कोणासाठी थांबेल?"