रणगाडा अजून चालत नाही

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी रणगाडा चालला. पायपुसण्यावर चढला, पलीकडे उतरला, सोफ्याच्या पायाला वळसा घालून स्वयंपाकघराच्या दारात अचूक थांबला. अकरा एकवीसला सासूबाई आणि जावई, दोघांनीही एकमेकांकडे न बघता ठरवून टाकलं, की असं काही झालेलंच नाही.

"अडखळला," सासूबाई म्हणाल्या.

"हो, मलाही वाटलं," जावई म्हणाला.

अडखळला नव्हता.

सासूबाईंनी कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं शिलाई मशीनं दुरुस्त केली होती. जावई दातांचा डॉक्टर. रिमोटवर चालणारा हा हातभर लांब रणगाडा दोघं मिळून दीड वर्ष दर रविवारी जोडत होते. किट मुलीनंच नवऱ्याला वाढदिवसाला दिलं होतं. नवऱ्यानं खोकं उघडलं, आतले तीनशे बारा तुकडे बघितले, खोकं बंद केलं आणि थेट सासूकडे आणलं. तिथून पुढे मुलगी या गोष्टीतून हळूहळू कमी होत गेली. गेल्या गुरुवारी ती कायद्यानंही कमी झाली. आदळआपट नाही, आरडाओरडा नाही. दोन सभ्य माणसं एकमेकांना कंटाळली होती, आणि कोर्टानं तसा कागद दिला.

आता घटस्फोट झालेला जावई दर रविवारी सासूकडे कशासाठी येणार? याला घरात एकच उत्तर होतं आणि ते टेबलावर असायचं. रणगाडा बिघडलाय म्हणून.

आणि तो अगदी मन लावून बिघडला होता. रिमोटची दांडी डावीकडे ढकलली की उजवीकडे जायचा, उजवीकडे ढकलली की डावीकडे. चार महिन्यांत बॅटरी बदलून झाली, रिसीव्हर बदलून झाला, गिअरांना तेल पाजून झालं. खरं कारण आज सापडलं. दोन मोटारींवर 'डावी' आणि 'उजवी' अशा चिठ्ठ्या सासूबाईंनी लावल्या होत्या, तेही रणगाड्याचं तोंड आपल्याकडे करून. समोर ठेवलेल्या मशीनची जी बाजू आपल्या उजव्या हाताला, ती उजवी. चिठ्ठ्या वाचून वायरी जोडल्या जावयानं. त्याच्या धंद्यात मात्र खुर्चीत बसलेल्या माणसाचा उजवा तो उजवा. तिथे चूक झाली की भलताच दात हातात येतो.

"रणगाडा काय आ करून बसणार होता का तुमच्यापुढे?" सासूबाई म्हणाल्या.

"आणि तुम्ही काय त्याला टीप मारणार होतात?"

वायरींची अदलाबदल करायला दोन मिनिटं लागली. त्यानंतर रणगाडा चालला, आणि घरावर अवकळा पसरली.

सासूबाईंनी स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि डाव्या पट्ट्याचा स्क्रू फिरवायला घेतला. तीस वर्षांत त्यांनी चालू मशीन कधी उघडलं नव्हतं.

"हा जरा ढिला वाटतोय, डॉक्टर."

"आई, तो तुम्हीच ढिला करताय."

"म्हणजे मला वाटतंय ते बरोबर आहे."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. सासूबाईंचे हात तेलकट, म्हणून स्पीकरवर.

"आई, तो आलाय का?"

"कोण?"

"आई!"

"आलाय. काम आहे रणगाड्याचं. वळतच नाही मेला."

जावई खाली पडलेला स्क्रू शोधायला वाकला आणि त्याचं कोपर रिमोटवर पडलं. रणगाडा घरघरत निघाला आणि दारावर जाऊन आदळला.

"कसला आवाज तो?"

"शिलाई मशीन."

"शिलाई मशीन दारावर धडकत नाही, आई."

जावयानं रणगाडा उचलून पोटाशी धरला. पट्टे हवेत फिरतच राहिले. ती घरघर फोनवर मुलीलाही ऐकू गेली.

"मला वाटलं, संकोचापायी येत असेल," ती म्हणाली. "म्हटलं, आता कागद झालेत, तर मोकळं करावं त्याला." मग आवाज थोडा कोरडा करून तिनं विचारलं, "तोफ वर-खाली होते?"

"तोफेचं काय मध्येच?"

"खोक्यावर लिहिलं होतं, तोफ वर-खाली होते. वाचूनच घेतलं होतं मी. ती होत नसेल तर रणगाडा झालेला नाही. आणि काम अर्धवट टाकून उठायची सवय आहे त्याला. या वेळी उठू देऊ नकोस."

फोन बंद झाला. दोघांनी तोफेकडे पाहिलं.

"किती रविवार लागतील?" सासूबाईंनी विचारलं.

"नीट केलं तर वर्षभर."

"आणि नीट नाही केलं तर?"

"जास्त."

सासूबाईंनी हात पुसले. हाताशी असलेली वस्तू कोणी उचलून नेऊ नये असं वाटलं, तर आधी अर्ज टाकायचा, ही कारखान्यातली शिस्त. त्यांनी जावयाच्या खिशातून औषधं लिहायचं पॅड काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं.

"लिहा. अक्षर लागेल असं."

जावई लिहू लागला. एका ठिकाणी थांबला.

"दोष 'किरकोळ' लिहू?"

"लिहा. मुलीला विचारू नका."

*प्रति, माननीय कुटुंब न्यायालय. विषय: जावई चालू ठेवणेबाबत. गुरुवारच्या हुकमात पलंग, फ्रिज व स्कूटर यांची वाटणी झाली असून सासूबाबत काहीही नमूद नाही. सदर जावई सात वर्षे वापरात आहे. त्यातील दोष किरकोळ व माहितीतले आहेत. तरी मुलीच्या नावावरून तो कमी झाला असला, तरी अर्जदार सासूच्या नावे कायम ठेवण्यात यावा, आणि त्याच्या जागी बदली जावई पाठवू नये, ही नम्र विनंती.*