बास मागे पडतो

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ड्रमर हॉटेलच्या चहाच्या हॉलमध्ये आला. टेबलांवर अजून कापडं घातलेली नव्हती. पियानोशेजारी ड्रमसाठी जागा करून ठेवली होती. ती करताना म्हाताऱ्या बासवादकाचं उंच स्टूल भिंतीला लावलं गेलं होतं. म्हाताऱ्यानं ते परत ओढून घेतलं.

या त्रिकुटात ड्रम कधीच नव्हते. म्हातारा उभा बास, म्हणजे माणसाएवढं उंच, खोल सुराचं तंतुवाद्य वाजवायचा, त्याची मुलगी पियानो आणि जावई गिटार. जॅझमधली जुनी, डोलायला लावणारी गाणी. रोज पाच ते सात, अकरा वर्षं. ताल धरायला वेगळा माणूस नव्हता, तरी चहा पिणाऱ्यांचे पाय टेबलाखाली हलत. बासचे चार ठोके चालायला निघाल्यासारखे पुढे जात, गिटार त्यांच्या पावलाला पाऊल लावी, आणि मधे उरलेल्या मोकळ्या जागेत पियानो यायचा. ड्रमचा विषय निघाला की म्हातारा एकच वाक्य बोलायचा. "आपल्यात ड्रम नको." कारण सांगायचा नाही.

यंदाच्या मार्चपासून ताल अडखळू लागला. पहिल्यांदा जावयाच्या लक्षात आलं.

"बाबांचा बास म्हणजे सरकारी फाइल झालीय," तो बायकोला म्हणाला. "सरकते, पण स्वतःच्या मर्जीनं."

मग मॅनेजरच्याही कानाला ते खटकलं. शनिवारी नवा करार व्हायचा होता. त्यानं तोडगा काढला. माणसं तीनच राहतील. बास जाईल, ड्रम येतील. "बासचं काम ताईंचा डावा हात करेल," तो म्हणाला. "करेल ना, ताई?"

"करेल," मुलगी म्हणाली. डावा हात तिनं टेबलाखाली घेतला.

त्या हाताची करंगळी बधिर होत चालली होती. घरी एकटीच वाजवत असताना, जुलैतल्या एका सकाळी, लांबच्या पट्टीवर करंगळी उशिरा पोचली. तेव्हा तिला कळलं. त्या संध्याकाळी हॉटेलात मात्र सगळं नीट वाजलं. पुढेही हॉटेलात कधी चूक झाली नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. बाप मागे पडतोय हे सगळ्यांना ऐकू येत होतं. आपलं कुणालाच ऐकू येत नव्हतं. बापाची जागा जातेय हे दिसत असूनही ती गप्प राहिली.

ड्रमर पन्नाशीचा होता. सकाळी शाळेत संगीत शिकवायचा. त्यानं पिशव्या भिंतीशी ठेवल्या, पण उघडल्या नाहीत.

"आधी तुम्ही तिघं वाजवा. मी कुठं बसायचं ते ऐकल्याशिवाय कसं कळणार?"

"बसायचं इथं," मॅनेजर मोकळ्या जागेकडे बोट दाखवत म्हणाला.

"ते खुर्चीचं झालं," ड्रमर म्हणाला.

तिघांनी तीन गाणी वाजवली. ड्रमर गुडघ्यावर दोन बोटांनी ताल धरून होता. पहिल्या गाण्यात तो म्हाताऱ्याकडे बघत होता. दुसऱ्याच्या मध्यावर त्यानं मान वळवली आणि त्यानंतर फक्त पियानोकडे बघितलं. तिसऱ्यात त्याची बोटं गुडघ्यावर तशीच थांबली.

"मग? सापडलं, कुठं मागे पडतात ते?" मॅनेजरनं विचारलं.

"काका पडत नाहीत," ड्रमर म्हणाला. "पडणारा माणूस घसरतच जातो. हे थांबतात आणि लगेच जागेवर येतात. तीन गाण्यांत अकरा वेळा झालं." तो मुलीकडे वळला. "ताई, तुमचा डावा हात लांब पसरतो ना, बरोबर तिथं. दरवेळी. तुमचं बोट पोचेपर्यंत हे पुढचा ठोका देत नाहीत."

जावयानं गिटार खाली ठेवली.

"मी वाजवत असतो, तर मला हे जमलं नसतं," ड्रमर म्हणाला. "ड्रम थांबला की अख्ख्या हॉलला कळतं."

"झालं का भाषण?" म्हातारा फडक्यानं तारा पुसत म्हणाला. "पाचला माणसं येतील. ही टेबलं कोण लावणार, मी?"

जावई बायकोच्या हाताकडे बघत होता. या वेळी तिनं तो लपवला नाही.

"अहो, पण शनिवारी कागदावर नाव कुणाचं लिहू?" मॅनेजरनं विचारलं. दोनदा विचारलं. कागदावरची तिसरी ओळ कोरीच राहिली. ड्रमरनं पिशव्या उचलल्या, दारापर्यंत नेल्या, आणि दाराजवळच्या टेबलाशी बसून चहा मागवला.

पाचला पाच मिनिटं कमी होती. बास जुळवून घेण्यासाठी मुलीनं रोजच्यासारखी पियानोची एक पट्टी दाबून बापाला सूर दिला. तो खुंटीजवळ कान नेऊन वाकला. तीही वाकली.

"बाबा, तुम्हाला कधी कळलं? जुलैतच?"

म्हाताऱ्यानं खुंटी किंचित पिळली, तार छेडून बघितली.

"जुलै कुठला? मार्चपासून आहे ते," तो म्हणाला. "मला वाटलं, तुला माहीत आहे."