खिलत

राजेश्वरच्या जत्रेत पिराप्पा धनगरानं श्रीपतराव जहागीरदारांच्या पदरचा पहिलवान चीत केला. बक्षिसाची नवीकोरी शेरवानी तबकातून आली. शेजारी गुलबर्ग्याचे सुभेदारसाहेब बसले होते. त्यांच्यादेखत आपली विद्वत्ता दाखवायची श्रीपतरावांना हुक्की आली.

"हिला खिलत म्हणतात, पिराप्पा. अरबी शब्द आहे. मूळ अर्थ, अंगावरून उतरवणे. पूर्वी बादशहा खूश झाला की स्वतःच्या अंगातलं वस्त्र उतरवून द्यायचा. तोच खरा मान."

पिराप्पानं तबकाला हात लावला नाही.

"मग ही कामून घेऊ, मालक? ही तर बाजारातनं आणल्याली हाय. तुमच्या अंगातली द्या की."

सुभेदारसाहेब हसून म्हणाले, "वाजवी मागतोय तो."

साहेबांपुढे नाही म्हणता येईना. श्रीपतरावांनी अंगातल्या शेरवानीचं एकेक बटण काढलं आणि भर जत्रेत ते नुसत्या बंडीवर उभे राहिले.

ती शेरवानी घेऊन पिराप्पा गर्दीच्या कडेला आला. तिथं त्याचा म्हातारा बाप लिंबाजी उघड्या अंगानं उभा होता. गेल्या साली तो नवा सदरा घालून जहागीरदारांच्या दारात गेला, तेव्हा धनगराला एवढा थाट कशाला म्हणून श्रीपतरावांनी चारचौघांत तो उतरवायला लावला होता. तेव्हापासून म्हाताऱ्यानं अंगात काही घातलं नव्हतं.



"अप्पा, ही मेंढरांखाली अंथरा," पिराप्पा म्हणाला, "आन् आता सदरा घाला."