जड हात

बर्फातला खड्डा कमरेएवढा झाला तसं कासियानने फावडं थांबवलं. "बघ, भिंत कशी सुरीने कापल्यासारखी. तुमच्या समितीच्या त्या शिबिरात शिकवतात का अशी?"

"शिबिरात त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाला खणूच देत नाहीत, बाबा," बुर्गी म्हणाली.

डोंगराच्या धारेला लागून, जिथे उतार सुरू होतो तिथे बापलेक उभे होते. समोरचा सगळा उतार ताज्या बर्फाने भरला होता. पायथ्याशी चर्च, आणि चर्चच्या भिंतीआड दफनभूमीत मे महिन्यापासून कासियानची रेझी. दर हिवाळ्यात या उतारावरून पहिल्यांदा स्कीवर उतरायचं ते या नवराबायकोने. त्याचा माग तिच्या मागाला छेदत जाई, आणि गावातून बघणाऱ्याला डोंगराची वेणी घातल्यासारखी दिसे. अशा एकेचाळीस वेण्या झाल्या. यंदा एकच पेड का होईना, पण घालायचाच, म्हणून म्हातारा हट्टाला पेटला होता. बुर्गी गावाच्या हिमस्खलन समितीत होती. आधी बर्फ तपासायचा, एवढ्या अटीवर ती सोबत आली.

तिने भिंतीच्या तळाशी बोटं खुपसली. ऑक्टोबरचा बर्फ दीड महिना सावलीत पडून जाड साखरेसारखा सुटा झाला होता. मुठीत धरला तर गळून गेला. त्याच्यावर तीन दिवसांच्या वादळाचा हातभर घट्ट थर बसला होता.

"हे काही बरं नाही, बाबा."

"साखर दरवर्षीच असते," म्हणत कासियानने करवतीने दीड वीत रुंदीचा खांब चारी बाजूंनी मोकळा केला, वर फावडं आडवं ठेवलं आणि ठोकायला लागला; तीस ठोक्यांत खांब सुटला नाही तर उतारही धरून राहणार. मनगटातून दहा, कोपरातून दहा, खांद्यातून दहा. खांद्यातले ठोकेसुद्धा बाळाला थोपटावं तसे. तीस झाले. खांब हलला नाही.

"झालं! चल, हो बाजूला."

"थांब. आता मी."

"मी काय खोटं ठोकलं?"

"आई काय म्हणायची? ज्याला उतरायची घाई झालीय त्याने ठोकायचं नाही. त्याचा हात हलका होतो."

कासियान पुटपुटत बाजूला झाला. रेझीच्या हाताएवढा जड हात अख्ख्या टिरोलात नव्हता. जन्मभर पाव मळून झालेला हात. ठोकायची तीही पलीकडच्या खोऱ्यात ऐकू जाईल असं मोठ्याने मोजत. त्या हातापायी कितीदा जानेवारीपर्यंत ताटकळावं लागलं, हे रडगाणं तो खानावळीत सगळ्यांना ऐकवायचा.

बुर्गीने शेजारी दुसरा खांब कापला. ती बापाकडे बघत नव्हती. मनगटातून दहा झाले. कोपरातून एक. दुसऱ्या ठोक्याला खालची साखर बसली आणि वरचा सगळा ठोकळा अखंड सुटून कासियानच्या बुटांवर येऊन पडला.

कासियानने ठोकळ्याखालून पाय ओढून घेतले. तो म्हणाला, "निम्म्यापर्यंतसुद्धा पोचलो नसतो."

"नसतास."

"हात तिचाच आलाय तुला."

बुर्गीने फावडं झटकलं. "आल्या वाटेने उतरू. दमाने. नाशपातीचा पाव आणलाय, आईच्या पद्धतीचा."

कासियान निघायच्या ऐवजी खड्ड्याच्या काठावर बसला. पाठ तिच्याकडे, तोंड चर्चकडे.

"अजून एक खांब काप."

"कशाला? कळलं ना काय ते?"

"कळलं गं. मी उतरत नाही. तू नुसतं ठोक." त्याने लोकरी टोपी कानांवरून वर सरकवली. "आणि मोठ्याने मोज."