गुलाबी उंदीर

"आई, ही पद्धत सेक्सिस्ट आहे," वरदा म्हणाली आणि तिने बर्फीचा डबा फ्रिजमध्ये ओट मिल्कच्या मागे सरकवला. "मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी. लॅबमधल्या लोकांना मी हे कसं एक्स्प्लेन करू?"

सुप्रभाताईंची ही सून ब्रिस्टलला जन्मलेली-वाढलेली. नात झाली म्हणून त्या पुण्याहून केंब्रिजला आल्या होत्या आणि आल्या आल्या, जेट लॅगचे लाड न करता, दूध आटवून त्यांनी बर्फी थापली होती. पहिल्या नातीची बर्फी चार लोकांच्या तोंडी लागावी, एवढीच त्यांची हौस. त्यांनी मुलाकडे, नीलकडे पाहिलं. नील बाळाचे मोजे शोधू लागला. बायको बोलत असली की त्या मुलाला नेहमीच काहीतरी शोधायचं असतं. या घरात बाळंतशेपासुद्धा 'एव्हिडन्स नाही' म्हणून नापास झाल्या होत्या.

दुपारी शेजारची फेम्के आली. ती मूळची हॉलंडची. बरोबर आणलेल्या गोल, कुरकुरीत टोस्टवर तिने लोणी फासलं आणि वर साखरेत घोळवलेल्या बडीशेपेच्या गुलाबी-पांढऱ्या गोळ्या भुरभुरवल्या. या गोळ्यांना तिकडे उंदीर म्हणतात. मुलगी झाली की गुलाबी, मुलगा झाला की निळे. शिवाय बडीशेपेने आईला दूध येतं म्हणे.

"हाउ लव्हली," वरदा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "किती मीनिंगफुल, ना आई?"

तिने तीन टोस्ट खाल्ले. सुप्रभाताईंनीही एक खाल्ला. पोट बिघडलेल्या माणसाला द्यावा तसला प्रकार, पण वाईट नव्हता. त्यांचा राग टोस्टवर नव्हताच. उंदीर चालतात आणि बर्फी चालत नाही, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. फेम्के मात्र गुणाची. उरलेले टोस्ट आणि उंदीर तिथेच ठेवून गेली.

रविवारी लॅबमधली मंडळी बाळ बघायला आली. वरदा वरच्या खोलीत बाळाला पाजत होती. सुप्रभाताईंनी ओट मिल्क बाजूला केलं, बर्फी दुधाचा हात लावून मऊ मळली, लोण्याच्या जागी टोस्टवर सढळ हाताने थापली आणि वरून उंदीर सोडले. बशी फिरली, रिकामी झाली, पुन्हा भरली. एका प्रोफेसरांनी तर बोटं चाटली. बर्फीचा डबा संपला आणि सुप्रभाताईंचा जीव निवला.

वरदा खाली आली तेव्हा एकच टोस्ट उरला होता. पहिल्या घासालाच ती थबकली.

"आई, हे बटर कसलं आहे?"

"फेम्केकडची पद्धत," सुप्रभाताई शांतपणे म्हणाल्या. "मुलगी झाली की करतात."

वरदाने डोळे मिटून टोस्ट संपवला.

"बघा ना आई," ती हळहळून म्हणाली, "आपल्याकडे मुलींसाठी असं काही का नाही?"