जुनी मापं

सरकारी रोख्यांवर इतकं व्याज ब्युनोस आयरेसमध्ये कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. वेल्डर एवारिस्तोनं जन्माची पुंजी बँकेतल्या काउंटरवरच्या मुलीपुढे ठेवली, पण सही करण्याआधी पेन खाली ठेवून तो म्हणाला,

"मागच्या खेपेला सरकारनं हात वर केले होते, ताई. लोकांनी पातेली बडवत मोर्चे काढले, तुमच्या काचा फोडल्या, मग त्यांवर लोखंडी पत्रे मीच ठोकले."

"जुनी मढी कशाला उकरताय, काका? आता तसं काही व्हायचं नाही," ती हसत म्हणाली.

त्यानं सही केली. तो दारापाशी पोचतो तोच मॅनेजर मागून लगबगीनं आला आणि त्याच्या कानाशी लागला.



"तेव्हाच्या पत्र्यांची मापं आहेत ना अजून? शुक्रवारच्या आत बसवून हवेत."