टकटक

दुपारी सायबेरियात, याकुत्स्कच्या माझ्या गॅरेजात भावोजींचा फोन आला. उणे पन्नास अंशांत मासे धरायला नदीवर गेले आणि गाडीचं इंजिन चक्क बंद करून बसले! इथे हिवाळ्यात ते चालूच ठेवतात, नाहीतर गोठतं. “आता सुरू होत नाही. आवाज ऐक आणि बिघाड सांग.” ते तुटक बोलत होते, चिडले असतील, म्हटलं. फोनवर नुसती टकटक ऐकू येत होती. “बॅटरी गारठलीय. किती वेळ किल्ली फिरवताय?” “तासभर.” “पुरे, काढा ती.” “काढली.” टकटक चालूच. किल्ली काढलेली गाडी वाजेल कशी? “फोन कुठे धरलाय?” “कानाला. का?” मी ओरडलो, “भावोजी, हे तुमचे दात वाजतायत! जवळ कुठे धूर दिसतोय?” “काठावर घर आहे.” “पळा तिकडे.” “आणि गाडी? नवीकोरी आहे रे, अशी उघड्यावर सोडू?” “सोडा. ती मे महिन्यात आपोआप सुरू होईल. तुम्ही नाही होणार.”